विश्लेषण : कीर्तनाआधी खराटा का? गाडगेबाबांच्या आयुष्याचा वृद्धाश्रमांतील संसर्गाशी काय संबंध?

दरवर्षी २३ फेब्रुवारी आणि २० डिसेंबर या दोन तारखांना अमरावती, अकोल्यासह राज्यभर संत गाडगेबाबांचे स्मरण होते. सकाळी रस्ते झाडले जातात, दुपारी वृद्धाश्रमांत फळे आणि ब्लँकेट वाटली जातात. बाबांच्या नावाने वृद्धांची आठवण होणे चांगलेच. मात्र खाटेला खिळलेल्या माणसाला सर्वाधिक धोका असतो तो रोजच्या सेवेतून पसरणाऱ्या संसर्गाचा. आंघोळ घालणारे, डायपर बदलणारे, घास भरवणारे हात एका खाटेवरून दुसऱ्या खाटेकडे जाताना मध्ये धुतले जातात का, यावर तिथल्या माणसाचे आयुष्य अवलंबून असते. बाबांनी अर्धशतक जी सेवा केली, तिचा क्रम या प्रश्नाशी थेट जोडलेला आहे. तो क्रम काय होता आणि आजच्या वृद्धाश्रमांनी त्यातून काय घ्यावे, याचा हा आढावा.

डेबूजी कोण होते?

गाडगेबाबांचे मूळ नाव डेबूजी झिंगराजी जाणोरकर. जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे. हे गाव आज अंजनगाव सुर्जी तालुक्यात येते. आईचे नाव सखुबाई. घर परीट समाजाचे. वडील दारूच्या आहारी गेले आणि डेबूजी लहान असतानाच वारले. आई मुलाला घेऊन माहेरी, अकोला जिल्ह्यातील मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुरे या गावी आली.

डेबूजी मामाच्या घरी वाढले. शाळेचा योग आला नाही. गुरे राखली, नांगर धरला, पूर्णेच्या पाण्यात पोहायला शिकले, रात्री भजनात रमले. मामाची शेती सावकाराच्या कर्जात अडकली. न वाचता अंगठा उठवला की काय होते, हे त्यांनी घरातच पाहिले. पुढे त्यांच्या कीर्तनात कर्ज, दारू आणि शाळा हे तीन विषय कधी चुकले नाहीत, त्याचे मूळ दापुऱ्यातल्या या दिवसांत आहे.

परीट समाजात जन्म झाल्याचा उल्लेख प्रत्येक चरित्रात येतो, पण त्याचा एक अर्थ सहसा सांगितला जात नाही. गावाचे मळके कपडे उचलणे, मळकी आणि धुतलेली मोट वेगळी ठेवणे, कपडे भट्टीला लावणे हे या समाजाचे पिढीजात काम. गाव स्वच्छ राहायचे ते या कामामुळे, आणि गावच्या उतरंडीत हेच काम खाली ठेवलेले. मळ काढणारा माणूस खालचा का, हा प्रश्न डेबूजींच्या वाट्याला जन्मानेच आला होता.

१८९२ मध्ये त्यांचे लग्न कुंताबाईंशी झाले. पहिल्या मुलीच्या बारशाला मटण आणि दारूची पंगत घालण्याचा रिवाज होता. डेबूजींनी तो मोडला आणि गोडाचे जेवण वाढले. भाऊबंद नाराज झाले, पण हा माणूस ठरवलेले करतो, हे त्या दिवशी गावाला कळले.

ऋणमोचनला काय घडले?

अमरावती जिल्ह्यात भातकुली तालुक्यात पूर्णेच्या काठी ऋणमोचन हे तीर्थक्षेत्र आहे. पौष महिन्यातल्या रविवारी तिथे यात्रा भरते. त्या काळी काठ चिखलाचा होता. म्हातारी माणसे आणि लेकुरवाळ्या बाया घसरत, पडत. यात्रा उलगडली की मागे घाण उरे.

डेबूजींनी आधी वाट नीट केली, काठ झाडला, लोकांची ओझी उचलली. १९०७ च्या सुमारास तिथल्या कामाला आकार आला आणि १९०८ मध्ये पूर्णेवर घाट उभा राहिला. अंध, पांगळे, महारोगी अशा यात्रेच्या कडेला बसणाऱ्या माणसांसाठी सदावर्त सुरू झाले.

त्यांच्या सेवेचे वैशिष्ट्य इथेच दिसते. धर्मकार्य करणारे त्या काळीही पुष्कळ होते. अन्नदान व्हायचे, मंदिरे बांधली जायची. पण जिथे पंगत बसणार ती जागा आधी स्वतः झाडणे, उष्ट्या पत्रावळी स्वतः उचलणे, ज्याच्या जवळ कुणी बसत नाही त्याला स्वतः वाढणे, हे करणारे थोडे होते. दान करणारा हात आणि घाण काढणारा हात वेगळा असायचा. डेबूजींनी ही दोन्ही कामे एकाच हाताला दिली.

घर सोडून ते काय घेऊन निघाले?

१ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्या जोडून केलेले वस्त्र, डोक्यावर किंवा हातात मातीचे फुटके गाडगे, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच आणि हातात खराटा. गाडग्यामुळे लोक गाडगेबाबा म्हणू लागले. कुठे गोधडेबुवा, कुठे चिंधेबुवा अशीही नावे पडली.

गावात आले की ते आधी कुणाच्या घरी जात नसत. सरळ झाडायला लागत. गटार, देवळासमोरचा चौक, पाणवठ्याभोवतीची घाण असा त्यांचा क्रम. बघायला जमलेल्यांपैकी काही जण हळूहळू हातभार लावत. मग कुणाकडून तरी भाकरी मागून घ्यायची, ती गाडग्यात कालवून खायची आणि रात्री कीर्तनाला उभे राहायचे. कीर्तन वऱ्हाडी बोलीत, श्रोत्यांना प्रश्न विचारत, त्यांच्याकडूनच उत्तरे काढत चालायचे. जातिभेद, हुंडा, पशुबळी, दारू, कर्ज आणि अंधश्रद्धा यांवर त्यात घाव असे. कीर्तन संपले की पाया पडून घ्यायला ते थांबत नसत.

क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. आधी सफाई, मग अन्न, शेवटी उपदेश. शब्दांच्या आधी हात चाललेले असत. त्यामुळे रात्री स्वच्छतेवर बोलायला उभा राहिलेला माणूस सकाळी गटारात उतरलेला होता, हे सगळ्या गावाने पाहिलेले असायचे.

तो काळ साथींचा होता का?

होता. डेबूजी विशीत असताना, १८९६ मध्ये, मुंबईत प्लेगची साथ सुरू झाली आणि पुढे ती आतल्या भागांत पसरली. १८९९-१९०० चा दुष्काळ वऱ्हाडने भोगला. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत मध्यप्रांत-वऱ्हाड हा देशात सर्वाधिक मृत्युदर असलेल्या प्रांतांपैकी एक होता. यात्रा आणि पटकी यांची जोडी तर ठरलेलीच. एका नदीत स्नान, तिथलेच पिण्याचे पाणी आणि काठावरच शौच असे चित्र असल्यावर वेगळे काही होणे शक्य नव्हते.

जगात या रोगांचे विज्ञान तेव्हा नुकतेच उलगडत होते. व्हिएन्नातील डॉक्टर इग्नाझ सेमेलवाइस यांनी १८४७ मध्येच दाखवले होते, की शवविच्छेदन करून आलेल्या डॉक्टरांनी क्लोरिनच्या पाण्याने हात धुतले तर बाळंतिणींचे मृत्यू घटतात. त्यांचे म्हणणे त्यांच्या हयातीत फारसे कुणी ऐकले नाही. पटकीचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८३-८४ मध्ये इजिप्त आणि कोलकात्यात शोधला, तेव्हा डेबूजी गुरे राखण्याच्या वयाचे होते.

गाडगेबाबांना जंतुशास्त्र ठाऊक होते, असा दावा करण्याची गरज नाही. पण ज्या गर्दीतून रोग पसरत होता त्याच गर्दीत ते आयुष्यभर वावरले, आणि त्यांचे काम नेमके पाणवठा, पंगत आणि मुक्काम या तीन ठिकाणी होते. साथ पसरते तीही इथूनच.

धर्मशाळा कशासाठी बांधल्या?

पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू, मूर्तिजापूर, मुंबई अशा ठिकाणी बाबांच्या पुढाकाराने धर्मशाळा उभ्या राहिल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा १९१७ ची. ज्यांना इतर कुठे उतरू दिले जात नव्हते अशा दलित वारकऱ्यांसाठी ती होती. पुढे १९४९ मध्ये ही वास्तू डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवण्यात आली. मूर्तिजापुरात गोरक्षण, धर्मशाळा आणि विद्यालय झाले. नागरवाडीला आश्रम झाला.

देणग्या लाखांच्या घरात येत होत्या, पण बाबांचे स्वतःचे भांडे मातीचेच राहिले. कुंताबाई आणि मुलांना त्यांनी संस्थांच्या कारभारात किंवा धर्मशाळांच्या सुखसोयीत वाटा दिला नाही. घरच्यांना हे सोपे गेले असेल असे नाही. १९२३ मध्ये मुलगा गोविंद वारला, तेव्हा बाबा कोकणात खारेपाटणला कीर्तनात होते. बातमी कळूनही कीर्तन थांबले नाही, असे चरित्रकार सांगतात. या माणसाची सेवा किती कठोर होती, हे या प्रसंगातून कळते. त्याची किंमत घरानेही मोजली.

१९५२ मध्ये गाडगे महाराज मिशनची स्थापना झाली. १९५४ मध्ये मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ धर्मशाळा झाली. आजच्या विषयाच्या दृष्टीने ही धर्मशाळा महत्त्वाची. खेड्यातून मोठ्या दवाखान्यात आलेला रुग्ण आत खाटेवर असतो आणि त्याचा नातेवाईक बाहेर फुटपाथवर. तिथेच स्वयंपाक, तिथेच झोप. रुग्णाला बरे करायचे तर त्याची सेवा करणाऱ्याचीही सोय लागते, हे ओळखून केलेले हे काम होते. आज मुंबईत दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेत टाटा रुग्णालयाचे कॅन्सररुग्ण आणि त्यांचे नातेवाईक राहतात. त्यात वऱ्हाडातून गेलेलेही असतात.

अमरावतीत याच काळात दुसरेही एक काम उभे राहत होते. डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी १९४६ मध्ये तपोवन येथे कुष्ठरुग्णांसाठी वसाहत सुरू केली. ज्याला लोक हात लावत नाहीत त्याला हात लावणे, आणि तो हात काळजीने लावणे, ही या जिल्ह्याची जुनी ओळख आहे.

मग आजच्या वृद्धाश्रमात चूक कुठे होते?

आपल्याकडे नर्सिंग होम म्हटले की छोटा खासगी दवाखाना डोळ्यांसमोर येतो. इथे प्रश्न आहे तो वृद्धाश्रम, दीर्घकाळ सेवा देणारी केंद्रे आणि ज्या घरात अंथरुणाला खिळलेले माणूस आहे त्या घरांचा. तिथे डॉक्टर दिवसातून एकदा किंवा आठवड्यातून एकदा येतो. उरलेला वेळ सेवा असते ती मावशी, आया किंवा केअरटेकरच्या हातात.

समजा, सकाळी ६ ते ९ या वेळेत एका मावशीकडे बारा खाटा आहेत. डायपर बदलणे, अंग पुसणे, कवळी धुणे, लघवीची पिशवी रिकामी करणे, साखर तपासणे, चहा-बिस्किट भरवणे हे सगळे तीन तासांत उरकायचे आहे. संसर्ग पसरतो तो या घाईत. नेहमी होणाऱ्या चुका अशा :

• एकच हातमोजे घालून एकामागून एक खाटा करणे. मोजे मावशीचे रक्षण करतात, पण तेच मोजे पहिल्या खाटेवरचे जंतू बाराव्या खाटेपर्यंत नेतात. मोजे प्रत्येक माणसागणिक बदलायचे असतात. एकाच माणसाची घाण काढून झाली आणि पुढे जखमेचे ड्रेसिंग किंवा जेवण असेल, तरीही बदलायचे. मोजे काढल्यावर हात धुवायचेच.

• एक बादली, एक टॉवेल, एक फडके. अंग पुसायचे कापड सामायिक असेल तर खरूज आणि त्वचेचे इतर संसर्ग खोलीभर फिरतात.

• लघवीची पिशवी जमिनीवर टेकणे, किंवा अंग वळवताना ती कमरेच्या वर उचलणे. पिशवीतली लघवी उलटी मूत्राशयात गेली की संसर्गाला वाट मिळते. पिशवी नेहमी मूत्राशयाच्या खाली, पण जमिनीला न टेकता टांगायची. ती रिकामी करायचे भांडे प्रत्येकाचे वेगळे.

• साखर तपासायची सुई किंवा सुईचे पेन अनेकांना वापरणे. अमेरिकेत वृद्धांच्या निवासांत अशा सामायिक साधनांमुळे हिपॅटायटिस बी पसरल्याच्या घटना नोंदल्या गेल्या आहेत. सुई बदलली तरी पेन सामायिक नको.

• घाण झालेली चादर खोलीतच झटकणे, छातीशी धरून नेणे, किंवा धुतलेल्या कपड्यांच्या टोपलीत ठेवणे. परिटाची मळकी आणि धुतलेली मोट वेगळी असते, तोच नियम इथेही.

• तापलेल्या, खोकणाऱ्या किंवा जुलाब होणाऱ्या कर्मचाऱ्याने कामावर येणे.

• कूस न बदलणे. तासन्‌तास एकाच अंगावर पडून राहिल्याने होणारे फोड, म्हणजे बेडसोर, हे जंतूंसाठी उघडे दारच. साधारण दर दोन तासांनी कूस बदलण्याची पद्धत त्यासाठीच आहे.

याची किंमत किती असू शकते?

२०२० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये अमेरिकेत सिएटलजवळच्या कर्कलंड इथल्या एका वृद्धसेवा केंद्रात करोना शिरला. १८ मार्चपर्यंत या एका साथीशी जोडलेल्या १६७ रुग्णांची नोंद झाली. त्यात १०१ तिथे राहणारे, ५० कर्मचारी आणि १६ भेटायला आलेले होते. राहणाऱ्यांपैकी सुमारे एक तृतीयांश दगावले. आजारी असताना काम करणे आणि एकाच कर्मचाऱ्याने अनेक केंद्रांत काम करणे ही कारणे तपासात पुढे आली. तिथे पैशांची आणि यंत्रांची कमतरता नव्हती, तरीही रोजच्या सेवेतल्या साध्या गोष्टी निसटल्या.

अमरावती-अकोल्याला ही आठवण जवळची आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये राज्यातली रुग्णवाढ या पट्ट्यात आधी दिसली आणि २२ फेब्रुवारीपासून अमरावतीत लॉकडाऊन लागला.

वृद्धांच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. संसर्ग झाला तरी अनेकदा त्यांना ताप येत नाही. आजोबा अचानक बरळू लागतात, आजी जेवण टाकते, चालता माणूस पडतो. म्हातारपण म्हणून ते सोडून दिले जाते आणि लघवीचा किंवा छातीचा संसर्ग लक्षात येईपर्यंत उशीर होतो.

खराटा पुरेसा आहे का?

नाही. बाबांच्या काळातली गावची घाण डोळ्यांना दिसणारी होती, खराट्याने ती निघायची. आजारी माणसाच्या खोलीत मात्र कोरडे झाडणे टाळायला सांगतात, कारण धुळीबरोबर जंतू उडून पुन्हा खाटेवर बसतात. तिथे ओले पुसणे योग्य, तेही स्वच्छ भागाकडून घाण भागाकडे. रक्त, उलटी किंवा विष्ठा सांडली तर आधी ती मोजे घालून टिपून घ्यायची, मग सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणाने जागा पुसायची.

हातांचे नियम जागतिक आरोग्य संघटनेने पाच वेळांत मांडले आहेत. रुग्णाला हात लावण्याआधी, ड्रेसिंग किंवा नळीसारख्या कामाआधी, शरीरातील स्रावांशी संबंध आल्यावर, रुग्णाला हात लावून झाल्यावर आणि त्याच्या आसपासच्या वस्तूंना हात लावल्यावर. साबण-पाण्याने ४० ते ६० सेकंद, सॅनिटायझरने २० ते ३० सेकंद. हात दिसायला मळलेले असतील किंवा जुलाबाचा रुग्ण असेल तर सॅनिटायझर पुरत नाही, साबणच लागतो.

म्हणून बाबांकडून घ्यायचा तो क्रम, खराटा हे त्या काळचे साधन होते. ज्या जागी दुबळा माणूस जेवणार आणि झोपणार, ती जागा आणि तिथे राबणारे हात आधी स्वच्छ झाले पाहिजेत.

वऱ्हाडात वेगळे काय आहे?

पहिली गोष्ट पाणी. भातकुली, दर्यापूर, अकोट, मूर्तिजापूर हा पूर्णेचा खारपाणपट्टा. विहिरी-बोअरच्या खाऱ्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, हात चिकट राहतात आणि माणूस धुणे टाळतो. अकोल्यासारख्या शहरात उन्हाळ्यात नळाला रोज पाणी नसते. अशा ठिकाणी प्रत्येक खाटेजवळ सॅनिटायझरची बाटली टांगलेली असणे ही चैन म्हणता येणार नाही. हात धुण्यासाठी गोडे पाणी वेगळे राखून ठेवणेही गरजेचे.

दुसरी गोष्ट कूलर. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि वृद्धाश्रमाच्या प्रत्येक खोलीत कूलर असतो. टाकीत साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास होतात, आणि शेवाळलेल्या टाकीतले जंतू हवेबरोबर खोलीत येऊ शकतात. आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून, घासून, कोरडी करायला हवी. ताज्या जाळ्यांइतकीच ही सफाई महत्त्वाची.

चुका मावशीच्या, की व्यवस्थेच्या?

दोष देणे सोपे असते. पण बारा खाटांना एक माणूस, बेसिन व्हरांड्याच्या टोकाला, मोजे मोजून दिलेले, आजारी पडले तर दिवसाचा पगार कापलेला आणि हात कसे धुवायचे हे कुणी कधी दाखवलेले नाही, अशा स्थितीत चूक ठरलेलीच असते.

याच्या मुळाशी तीच जुनी उतरंड आहे. घाण काढण्याचे काम सर्वांत कमी पगाराच्या, सर्वांत कमी शिकवलेल्या माणसाकडे द्यायचे आणि ते नीट होईल अशी अपेक्षा करायची. व्यवस्थापक कार्यालयात, देणगीदार फोटोत आणि मावशी एकटी बारा खाटांवर. गाडगेबाबांनी आयुष्यभर मोडली ती हीच वाटणी. हे काम सर्वांसमोर, दिवसाउजेडी, स्वतःच्या हाताने करून त्यांनी त्याला प्रतिष्ठा दिली. संस्थाचालकाने आठवड्यातून एक सकाळ मावशीबरोबर खाटांवरून फिरावे. मोजे कुठे संपतात, नळ कुठे लांब पडतो, हे त्याला एका दिवसात कळेल.

बाबांचा शेवट कसा झाला?

नोव्हेंबर १९५६ मध्ये मुंबईत वांद्रे पोलीस ठाण्यात त्यांचे कीर्तन झाले. ते ध्वनिमुद्रित झाल्यामुळे त्यांचा आवाज आजही ऐकता येतो. ६ डिसेंबरला डॉ. आंबेडकर गेले. दोन आठवड्यांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीकडे येताना वलगावजवळ पेढी नदीच्या परिसरात बाबांनी देह ठेवला. वय ८० वर्षे. अमरावतीतल्या गाडगेनगरात त्यांची समाधी आहे.

२०००-०१ मध्ये राज्य सरकारने संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले. १९८३ साली स्थापन झालेले अमरावती विद्यापीठ २००५ पासून त्यांच्या नावाने ओळखले जाते. त्यांच्या दशसूत्रीत अंध, पंगू आणि रोगी यांना औषधोपचार हे एक सूत्र आहे. गावांच्या स्वच्छतेत बाबांचे नाव रुजले, रोग्याच्या खाटेजवळच्या स्वच्छतेत ते अजून तितके रुजलेले नाही.

नातेवाईक आणि देणगीदारांनी काय पाहावे?

आई-वडिलांना कुठे ठेवायचे हे ठरवताना इमारत आणि बगीचा नंतर पाहा. आधी हे पाहा :

• खोलीत किंवा दाराशी साबण, वाहते पाणी किंवा सॅनिटायझर आहे का? बाटली भरलेली आहे का?

• मावशी एका खाटेवरून दुसरीकडे जाताना मोजे बदलते का? अर्धा तास बसले तरी कळते.

• प्रत्येकाचा टॉवेल, कंगवा, भांडे यांवर नाव आहे का?

• लघवीच्या पिशव्या कुठे टांगल्या आहेत?

• रात्री किती खाटांना एक माणूस असतो?

• आजारी कर्मचाऱ्याला पगारी सुटी मिळते का? हा प्रश्न विचारायला संकोच नको. उत्तर नाही असेल तर त्याचा ताप तुमच्या आईपर्यंत येणार आहे.

• फ्लूची आणि न्यूमोनियाची लस दिली जाते का, याची डॉक्टरांकडे चौकशी करा.

घरीच सेवा करत असाल तर हेच नियम घरालाही लागू. नातवंडाला सर्दी असेल तर आजोबांच्या खोलीत दोन-चार दिवस न पाठवणे हा दुरावा नव्हे.

पुढच्या जयंतीला किंवा पुण्यतिथीला वृद्धाश्रमात जाणार असाल तर केळी न्याच. सोबत मोज्यांचे चार खोके, साबण आणि सॅनिटायझरचे डबे न्या. जमले तर गावातल्या मंडळाने मिळून एका जादा मावशीचा वर्षभराचा पगार उचलावा. खोकला असेल तर त्या दिवशी जाऊ नका, पैसे पाठवा. आणि पहिले केळे सोलून कुणा आजीच्या हातात देण्याआधी नळाशी जाऊन हात धुवा, तिथे राबणाऱ्या मावशीला दिसेल असे.